हुलग्याचं माडगं आणि पहिल्या तासाची गणितं

एकाच मुलीला एकच गणित सकाळी अकराला येत नाही आणि दुपारी दोनला येतं, हे कसं काय, असा प्रश्न सुनंदाने मला फोनवर विचारला. तेवढ्या प्रश्नासाठी मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वसईहून निघून सातारा जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वभागात गेले.

सुनंदा माझी डी.एड.ची मैत्रीण. पुण्याच्या वसतिगृहात दोघीही ख्रिस्ती म्हणून आम्हाला एका खोलीत टाकलं होतं. पहिल्याच रात्री कळलं की आम्हाला एकमेकींच्या धर्माची काहीच माहिती नाही. मी वसईची कॅथलिक, ती साताऱ्याकडची प्रोटेस्टंट. मी येसू म्हणायचे, ती येशू म्हणायची. माझा फादर, तिचा पाळक. माझी मिस्सा, तिची उपासना. पुढे तिने एका पाळकाशीच लग्न केलं आणि आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. आता नवऱ्याचं छोटं चर्च आणि तिची शाळा वडूजच्या पलीकडे एकाच गावात आहेत. मला निवृत्त होऊन वर्ष झालं, तिला अजून सहा महिने होते. जाण्याआधी पाचवीची मुलं शिष्यवृत्तीच्या परीक्षेला नीट बसवायची, एवढाच तिचा हट्ट होता.

चुकलेला फाटा

साताऱ्याहून वडूजची एसटी निघाली तेव्हा दोन्ही बाजूंना ऊस होता. कोरेगावपर्यंत मला वाटत होतं, यात कोरडं काय आहे? पुसेगाव मागे पडलं आणि हिरवा रंग कुणीतरी पुसून घेतल्यासारखा गेला. राहिले उघडे डोंगर, त्यांच्या माथ्यावर पवनचक्क्या आणि खाली पसरलेला शाळू. वसईत आमच्या परसात विहीर, केळी, पानवेली. डोळ्याला एवढं लांबचं दिसण्याची सवय नाही. इथे पुढच्या गावाचं देऊळ अर्धा तास आधी दिसतं.

वडूजहून वडाप म्हणतात ती भरगच्च जीप धरली आणि एक फाटा आधीच उतरले. जीप निघून गेल्यावर पाटी वाचली. दुपार कलली होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अर्ध्या तासाने शेरडांचा कळप घेऊन एक म्हातारी आली. नऊवारी, हातात काठी, कपाळावर मोठं हिरवं गोंदण. तिच्याबरोबर दप्तर पाठीला लावलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. म्हातारीने मला आणि माझ्या चाकांच्या बॅगेला निरखून पाहिलं आणि कुणाकडे जायचंय ते विचारलं. मी पाळकांचं नाव सांगितलं.

"मग चला आमच्या मागनं. आमच्या वस्तीवरनंच वाट हाय," ती म्हणाली.

ही हौसाबाई, आणि मुलगी तिची नात तनुजा. मुलगी वाटेत एक शब्द बोलली नाही. फक्त ओढा ओलांडल्यावर तिने मागे वळून कळपावर नजर फिरवली आणि आजीला सांगितलं, दोन कमी आहेत. आजी परत गेली आणि झुडपात अडकलेली दोन करडं घेऊन आली. बोट न लावता, ओठ न हलवता, चालत्या कळपाची मोजणी! तीस वर्षं गणित शिकवलेल्या मला ते फार आवडलं.

घरी पोचल्यावर सुनंदाला हे सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. अकराला गणित न येणारी मुलगी ती हीच.

दोन बोर्डांचा दिवस

शाळा दोन खोल्यांची, भिंती पाढ्यांनी आणि फळाफुलांनी रंगवलेल्या. मी सुनंदाच्या वर्गात मागे बसले. प्रार्थना झाली, हजेरी झाली, गणिताचा तास सुरू झाला. मी उठून फळ्यावर दहा उदाहरणं घातली. दुपारच्या सुट्टीनंतर त्याच जातीची, त्याच अवघडपणाची दुसरी दहा घालायची, असं आम्ही ठरवलं होतं.

सकाळी तनुजाची पहिली तीन उदाहरणं बरोबर होती. चौथ्यात हातचा विसरला. सहाव्यापासून अंक ओळीवरून खाली घसरले होते. ती झोपली नव्हती. गाल तळहातावर टेकून डोळे उघडे ठेवून बसली होती. आणि ती एकटी नव्हती. अर्ध्याहून अधिक वर्ग असाच, विझत आलेल्या चुलीसारखा.

एकच्या सुमारास शाळेची खिचडी आली. दोन वाजता त्याच मुलांनी दुसरा बोर्ड सोडवला. तनुजाची दहाही बरोबर आली, आणि शेवटच्या भागाकारात मी स्वतःच बाकी उरणारा आकडा घेतला होता, तो बदलला तर उत्तर पूर्ण येईल, हेही तिने दबक्या आवाजात सांगितलं.

मुलं सकाळी उपाशी असणार, ही माझी शंका आता शंका राहिली नव्हती. मी मुलांना विचारलं, सकाळी काय खाल्लं? सगळी म्हणाली, जेवून आलो. आपण उपाशी आहोत हे मुलं कधी सांगत नाहीत, हे मला वसईतही माहीत होतं. मग मी विचारणं सोडलं आणि शाळेमागचा कचऱ्याचा डबा पाहिला. तो कुरकुऱ्यांच्या आणि टोस्टच्या रिकाम्या पुड्यांनी भरला होता. सुनंदाने उलगडा केला. आल्याच्या आणि बटाट्याच्या रानात कामाला जाणाऱ्या बायकांची गाडी सकाळी सातला येते. आया पाचला उठून भाकऱ्या थापतात, आपली शिदोरी बांधतात आणि जातात. पोरं चहा-टोस्ट खातात, दुकानातून पुडा घेतात आणि शाळेत येतात. खरी न्याहारी या भागात पूर्वी भाकरी आणि कोरड्यासाची, म्हणजे भाजी-आमटीची, असायची. ती कधी गेली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"आणि तनुजा?" मी विचारलं. तिचे आईबाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात ते पावसाळ्यातच परततात. शाळेसाठी ती आजीपाशी राहते. गरिबी असेल, दाणा कमी पडत असेल, असं मी मनाशी धरून टाकलं. सुनंदालाही तसंच वाटत होतं.

रविवारची मूठ

आमच्या वसईच्या चर्चमध्ये उंच छत, बाकडी आणि ऑर्गन. इथलं चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर, पांढरी भिंत, त्यावर साधा लाकडी क्रूस आणि खाली सतरंज्या. चपला बाहेर. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. मी आत शिरता शिरता सवयीने गुडघा टेकून क्रुसाची खूण केली, तर सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. एका म्हातारीने तर मला हात दिला. तिला वाटलं, मी अडखळले.

पेटी, तबला, टाळ सुरू झाले आणि मी चकित झाले. चाल भजनाची, ठेका भजनाचा. डोळे मिटले असते तर कुठल्या देवाच्या दारात बसले आहे ते मला सांगता आलं नसतं. नाताळच्या गाण्यांची तालीमही उपासनेतच उरकून घेतली. सुनंदाचे यजमान शांतवनराव उंच, किडकिडीत, हळू बोलणारे. त्यांनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. त्यात एक कुत्रं होतं, जे मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. नंतर सुनंदाने सांगितलं, हौसाबाईने एकदा कर्ण्यावरून ती गोष्ट ऐकली आणि पाळकांना वाटेत थांबवून विचारलं होतं, बाकीची मेंढरं उघड्यावर टाकून कुठला धनगर एकामागं जाईल? राखायला कुत्रं असणारच. तेव्हापासून शांतवनराव कुत्र्याला वगळत नाहीत.

दानाच्या वेळी बायका एकेक करून उठल्या आणि कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात लहान लहान पिशव्या रिकाम्या करू लागल्या. बाजरी, ज्वारी, हुलगे. सुनंदाने कानात सांगितलं, ही मूठ. घरात स्वयंपाकाला दाणा काढला की प्रत्येक वेळी त्यातली एक मूठ बाजूला ठेवायची आणि रविवारी आणायची. तिच्या सासूच्या आधीपासून चाललेलं. हा दाणा पाळकाच्या घरात जातो.

शेवटी पाळकांनी पाहुणीला दोन शब्द बोलायला सांगितलं. आणि मी बोलले. शाळेत काय पाहिलं ते सांगितलं, दोन बोर्डांची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, या डब्यातल्या दाण्याची रोज सकाळी शाळेतल्या सगळ्या मुलांसाठी न्याहारी का करू नये? मला वाटलं, सगळ्यांना आवडेल. पण बायकांनी पदर सावरून माना खाली घातल्या. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. चर्चच्या एका वयस्कर पंचांनी घसा खाकरला आणि आशीर्वादाची वेळ झाली असं सुचवलं.

जेवताना शांतवनराव भाकरी कुस्करत राहिले. मी विचारलं, पाळकाच्या घरच्या दाण्याला हात घातला म्हणून लोक दुखावले का?

"दाण्याचं काही नाही, बाई. सुनंदाचा पगार आहे, आमचं भागतं," ते म्हणाले. "पण हे दाणे चर्चचे. या दाण्यांनी दुसऱ्यांच्या पोरांना जेवू घातलं की त्याला जेवण कुणी म्हणत नाही."

मग त्यांनी सांगितलं. मागच्या नाताळात त्यांनी जवळच्या एका गावात मुलांना केक वाटला होता. कुणीतरी त्याचं फोनवर चित्रण केलं आणि खाली धर्मांतराचं काहीबाही लिहून सगळीकडे पाठवलं. पुढचे आठ दिवस ते घरोघर जाऊन समजावत होते की केक हा केकच होता. त्यांच्या स्वतःच्या गावात तसं कुणी वागलेलं नाही. सणाला पुरणपोळी येते, नाताळला करंज्या जातात. तेच टिकवायचं म्हणून ते जपून पाऊल टाकतात.

वसईत आम्ही संख्येने खूप, तिथे ही भीती मला कधी शिवलीच नव्हती. दोन दिवसांची पाहुणी मी, आणि त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेल्या गोष्टीवर सहज बोट ठेवून मोकळी झाले होते. मी माफी मागितली. शांतवनराव म्हणाले, चुकीचं काही बोलला नाहीत, फक्त वाट दुसरी शोधावी लागेल. ती कुठली, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

वस्ती

सोमवारी शाळा सुटल्यावर सुनंदा आणि मी तनुजाबरोबर वस्तीवर गेलो. अडीच किलोमीटरची पायवाट. घर दगडमातीचं, पुढे शेरडांचा वाडगा, दाराशी पाण्याचं मोठं पिंप. हौसाबाई नुकतीच रानातून आली होती. तिने आम्हाला घोंगडीवर बसवलं आणि विचारायच्या आत चहा टाकला. घरात बाजरीची दोन पोती भिंतीला टेकलेली दिसली, हुलग्याचं गाठोडं दिसलं. माझ्या गरिबीच्या कल्पनेला पहिला तडा तिथे गेला.

सुनंदाने जपून विषय काढला. पोर सकाळी वर्गात थकलेली दिसते म्हणाली. हौसाबाई बुचकळ्यात पडली. ती दिवस उगवायच्या आधी चार भाकऱ्या करते, दोन आपल्या फडक्यात बांधते, दोन नातीला टोपल्याखाली ठेवते, वर चटणी आणि दूध. संध्याकाळी येते तर टोपलं रिकामं. मग पोर थकते कशानं?

तनुजा दारात उभी होती, आणि तिच्या पायाशी दोन करडं अंग घासत होती. मी सहज म्हणून गेले की करडं फार लाडावलेली दिसतात. त्यावर मुलीने मान खाली घातली. आजीने तिच्याकडे पाहिलं, मग करडांकडे पाहिलं.

"भाकरी यांना घालतीस व्हय गं?" तिने विचारलं.

मुलगी रडली नाही. हळूच हो म्हणाली. सकाळी नळाला पाणी नऊला येतं, तेही थोडा वेळ. ती पिंप भरते, मग शाळेकडे पळते. पण वेळ नसतो म्हणून खात नाही, असं तिने सांगितलं नाही.

"एकटीला खाऊ वाटत न्हाई, आजी," ती म्हणाली. "घशाखाली उतरत न्हाई. घरात कोनच नसतंय."

हौसाबाईचा हात किटलीवर तसाच राहिला. मला माझं वसईचं स्वयंपाकघर आठवलं. मुलगा कॅनडाला, नवरा जाऊन चार वर्षं; ओट्याशी उभ्याने चहात बुडवलेलं बिस्किट ही माझीही न्याहारी. धान्याचा डबा भरलेला असतो तरी. आणि मी इथे येऊन न्याहारीवर भाषण दिलं होतं.

जरा वेळाने हौसाबाईने पदराने डोळे कोरडे केले आणि सुनंदाला विचारलं, काल चर्चमध्ये काय झालं म्हणे? खबर वस्तीवर पोचली होती. सुनंदाने सगळं सांगितलं, नवऱ्याची भीतीसुद्धा. हौसाबाईने नीट ऐकून घेतलं.

"मूठ काय तुमच्याच हाताला हाय व्हय, पाळकीणबाई?" ती म्हणाली. "आमास्नी बी हात हायती. वस्तीवरनं मी आनते. गावातनं कोन आनंल, चर्चातनं कोन आनंल. सगळं एका पातेल्यात पडलं की कुनाची मूठ कुनाला वळखू येनार हाय?"

अंधार पडायच्या आत आम्ही परतलो. वाटेत सुनंदा एवढंच म्हणाली, बारा वर्षं मी या गावात शिकवते आणि टोपल्याखाली काय आहे ते विचारलं नव्हतं.

मिरजेचा रस्ता

सुनंदाची चुलतबहीण मिरजेच्या एका जुन्या दवाखान्यात परिचारिका आहे. तनुजाचं रक्त तपासून घ्यावं म्हणून आम्ही चौघी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघालो. हौसाबाईने शेरडं शेजारणीच्या हवाली केली. मायणी, विटा असं करत गाडी खाली उतरत गेली तसं पाणी परत आलं. तासगावला द्राक्षबागा लागल्या. तनुजा खिडकीला नाक लावून वेलींच्या रांगा मोजत होती. सांगलीत शिरल्यावर हळदीचा वास आला. हौसाबाईने खोल श्वास घेतला आणि म्हणाली, एवढी हळद कुणाच्या लग्नाला लागते?

गाडीत मी जपमाळ काढली तेव्हा ती बारकाईने पाहत होती. काय मोजता, तिने विचारलं. मी म्हणाले, मोजत नाही, आठवण करते. तिला ते पटलं नाही. मेंढरं मोजण्याचं कारण असतं, एखादं हरवतं. तुमचा मणी कुठे हरवणार, दोऱ्यात ओवलेला! मी उत्तर शोधेपर्यंत गाडी स्टँडात शिरली, आणि खरं सांगायचं तर ते उत्तर मी अजून शोधते आहे.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टर बाईंनी आधी नातीची पापणी खाली ओढून पाहिली आणि मग न सांगता आजीचीही. दोघींचं रक्त काढलं. दोघींचंही कमी निघालं, मुलीचं बरंच. लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताचं औषध दिलं. दोन-तीन महिने लागतील, लगेच फरक दिसला नाही म्हणून सोडू नका, असं बजावलं. मग जेवणाबरोबर चहा बंद, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. इथे हौसाबाई अडली. चहाशिवाय दिवस उगवतो कसा, हे तिला कळेना. बरीच घासाघीस होऊन तासाभराच्या अंतरावर तडजोड झाली. हुलगे खाता का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मात्र तिचा चेहरा खुलला. माडगं, ती म्हणाली. पूर्वी सकाळी माडगंच असायचं घरात.

आमच्याकडे हुलग्यांनाच कुळीथ म्हणतात आणि त्याची तिखट पिठी करतात. माडगं हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. परतीच्या गाडीत हौसाबाईने कृती सांगितली: हुलगे भाजायचे, भरडायचे, गुळाच्या आधणात पीठ वैरायचं, हात थांबवायचा नाही, वर सुंठ. पूर्ण रस्ता ती बोलत होती. तनुजा माझ्या खांद्यावर झोपली होती.

व्हरांड्यातली बैठक

बुधवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक सुनंदाने मुख्याध्यापकांकडून बोलावून घेतली. व्हरांड्यात सतरंजी टाकली. अध्यक्ष एक निवृत्त हवालदार, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. मुख्याध्यापकांना आपली काळजी होती. सरकारी आहाराचा तांदूळ आणि हा दाणा एकत्र होता कामा नये, वेगळा डबा हवा. स्वयंपाकीण बाई म्हणाल्या, मी अर्धा तास लवकर येईन, पण लाकडं कुणीतरी आणा.

मग हवालदारांनी तो प्रश्न विचारला ज्याची सगळे वाट पाहत होते. दाणा नेमका कुणाचा?

हौसाबाई काही बोलणार, तेवढ्यात मागे पायरीवर बसलेले शांतवनराव उठले. ते येतील असं सुनंदालाही वाटलं नव्हतं. ते म्हणाले की इतकी वर्षं चर्चच्या बायका मूठ चर्चमध्ये आणतात. या महिन्यापासून ती त्यांनी शाळेत आणावी, असं ते येत्या रविवारी सांगणार आहेत. चर्च म्हणून नाही, प्रत्येकीने आपापल्या घरची म्हणून. डब्यावर कुणाचं नाव नको, न्याहारीच्या वेळी कुणाचं भाषण नको, आणि फोटो तर नकोच. घरात येणारा दाणा ते सोडून देत होते, आणि ज्या गोष्टीला भीत होते तिच्यापुढे सगळ्या गावासमक्ष उभे राहिले होते.

हवालदारांनी जरा वेळ मिशीवरून हात फिरवला.

"आमच्या पलटणीत लंगराचं पातेलं एकच असायचं," ते म्हणाले. "कोन कुठला ते कवा कुनी विचारलं न्हाई. लाकडं माझ्या रानातनं येतील."

ठराव लिहायला मुख्याध्यापकांनी वही उघडली. सुनंदा नवऱ्याकडे बघत होती. चाळीस वर्षांच्या मैत्रीत तिच्या चेहऱ्यावर ते भाव मी पहिल्यांदाच पाहिले.

पहिलं पातेलं

पुढच्या सोमवारी, माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या सकाळी, सव्वादहाला शाळेत पहिलं माडगं झालं. झालं म्हणजे खाली लागलं आणि गुठळ्याही झाल्या. सुनंदाचा घरच्या पाच-सहा वाट्यांच्या सवयीचा हात शंभरेक वाट्यांच्या पातेल्यात चालेना. हौसाबाई शेरडं ओढ्याकाठी सोडून आली होती. तिने उलथनं हिसकावून घेतलं आणि राहिलेलं सावरलं. दोन मुलांनी एक घास घेऊन तोंड वाकडं केलं. एका लहानग्याने टोस्ट मागितला.

मुलांनी ओळीने बसून हात जोडले आणि शाळेत रोज म्हणतात तो श्लोक म्हटला. शांतवनराव दारापाशी हात जोडून उभे होते. श्लोक संपल्यावर हौसाबाई त्यांना म्हणाली, पाळक, तुमी बी तुमचं म्हना की काय म्हनायचं ते. सगळे थांबले. शांतवनरावांनी एकदा मुलांकडे पाहिलं.

"गार होतंय. खाऊ द्या त्यांना," ते म्हणाले.

हौसाबाई तनुजाशेजारी मांडी घालून बसली आणि तिने आपली वाटी पुढे केली. दोघी खाऊ लागल्या. मलाही एक वाटी मिळाली. गुळाची गोडी, सुंठेचा चटका आणि मागे भाजलेल्या हुलग्याची मातीसारखी चव. मी खाली बसून, सगळ्यांबरोबर, सावकाश खाल्लं.

अकराला मी दहा उदाहरणं घातली. चमत्कार झाला, असं लिहिलं तर खोटं होईल. तनुजाची सात बरोबर आली. दोनदा जांभई दिली. पण अंक ओळीवर होते. दुपारी मी वडूजची जीप धरली.

सुनंदाचे फोन येत राहिले. हुलगे संपले की बाजरीची आंबील होते, कधी मटकीच्या घुगऱ्या. टोस्ट मागणारा आता दुसरी वाटी मागतो. नाताळच्या करंज्या यंदाही सगळीकडे गेल्या आणि कुणी कसलं चित्रण केलं नाही. फेब्रुवारीत पाचवीची मुलं शिष्यवृत्तीला बसली. सुनंदा मे अखेर निवृत्त झाली, आणि निकाल लागला त्या दिवशी तिने मला फोन लावून तो तनुजाच्या हातात दिला.

यादीत शाळेतल्या एका मुलीचं नाव होतं, तनुजाचं नव्हतं. थोडक्यात हुकलं होतं. मी धीर द्यायला तोंड उघडलं, तर तीच बोलू लागली.

"नाव न्हाई आलं, बाई. पर दोन्ही पेपर पुरं सोडवलं. झोप न्हाई आली," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "आठवीला परत असतीया न्हवं? बसनार हाय मी."